गुरुजींची जीभ

आमच्या शाळेचे गुरुजी गेले तेव्हा कशेळ्याच्या बाजारात लोक म्हणाले, "गेले बाबा, सगळं खाऊन गेले." म्हणणारे हसत होते. वाईट मनाने नाही, पण हसत होते. मेलेल्या माणसाचं एखादंच काहीतरी लोकांच्या लक्षात राहतं. गुरुजींचं हे राहिलं की या माणसाने उंदीर खाल्ला, लाल मुंग्या खाल्ल्या, समुद्रातला आठ पायांचा प्राणी खाल्ला. मी त्यांच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवत होते. मला एवढं माहीत आहे की शेवटच्या वर्षांत त्यांनी काही खाल्लं नाही. नुसतं गिळलं.

मी चौथी शिकलेली बाई. माणसाची स्तुती कशी लिहितात ते मला येत नाही आणि गुरुजींची स्तुती करावी असं फारसं काही नव्हतंही. शिकवायचे ठीक. पोरांना मारायचे नाहीत. शर्टाच्या खिशात बाकीचे मास्तर पेन ठेवतात, हे चमचा ठेवायचे. स्टीलचा, लहान, रुमालात गुंडाळलेला. कुणाच्या लग्नाला गेले की नवरानवरीला भेटायच्या आधी मागच्या अंगाला आचाऱ्याकडे जायचे, टोपात चमचा घालायचे. बाजारात वस्तू आधी तोंडात आणि भाव नंतर. वाटेने चालताना कुंपणाचा पाला तोडून चावायचे. शाळेत खडूची नवी पेटी आली की एक खडू चाटून बघायचे आणि म्हणायचे, "मागच्यापेक्षा बरा आहे." यात आपण गंमत करतो आहोत असा भाव तोंडावर अजिबात नसायचा.

माणूस कर्जतच्या जुन्या घरातला. वडील मास्तर, आजोबा मास्तर. त्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चिरत नव्हते. भाऊ-भावजय त्याच घरात होते. गुरुजी सणाला गेले की त्यांचं ताट ओटीवर यायचं, आत नाही. वेगळं ताट, वेगळा पेला, आणि उठल्यावर जागेवर पाणी. त्यांचं लग्न झालं होतं. बाई वर्षभरात माहेरी गेली ती परत आली नाही. कुणी म्हणायचं याच्या खाण्याला कंटाळली. मी कधी विचारलं नाही. ते कशेळ्यात एका खोलीत एकटे राहायचे.

उंदराची गोष्ट अशी. आमच्या शाळेत खालच्या गावांतली पोरं आणि डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं एका वर्गात बसतात. खालची पोरं वाडीच्या पोरांना चिडवायची, "उंदीरखाऊ, उंदीरखाऊ." वाडीची पोरं मग शाळेत यायची बंद व्हायची. गुरुजींनी ओरडाआरडा केला नाही. वाडीच्या एका पोराला म्हणाले, "आईला सांग, गुरुजींना पाठव." भात कापणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पानात बांधून भाजलेला उंदीर आला, मीठ-मिरची लावून. गुरुजींनी खुर्चीत बसून सगळ्या वर्गासमोर तो खाल्ला. हाडंसुद्धा चावली. मग बोटं पुसत म्हणाले, "कोंबडीपेक्षा कोवळा आहे. आता तुमच्यातलं कोण खाऊन बघतं? कुणी नाही? मग लक्षात ठेवा, खाल्ल्याशिवाय नाक मुरडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी खालच्या गावचे दोघे-तिघे बाप शाळेत आले. एकजण म्हणाला, "गुरुजी, तुमी उंदीर खाल्लात आन त्याच हातांनी आमच्या पोरांच्या वह्या तपासता?"

"हात धुतले होते," गुरुजी म्हणाले.

"धुतले म्हंजे?"

"साबणाने."

लोक चहा पिऊन गेले. आता सगळे म्हणतात की गुरुजींनी वाडीच्या पोरांसाठी केवढं मोठं काम केलं. मला तसं वाटत नाही. त्यांना खरंच उंदीर खायचा होता.

पण त्या दिवसापासून वाड्यांवरून त्यांना बोलावणी यायला लागली. मुंग्यांची चटणी झाली, बोलवा गुरुजींना. पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे पडतात ते भाजले, बोलवा. मधाच्या पोळ्यातली अळी, खेकड्यांची पिल्लं, कच्ची शेवळं. शेवळं ही पावसातली रानभाजी, नीट शिजवली नाही तर घसा खाजून माणूस वेडा होतो. ती त्यांनी मुद्दाम कच्ची चावली आणि आठवडाभर घोगऱ्या आवाजात पाढे म्हणून घेतले. कळंबकडे बंगले झाले तसे बंगलेवालेही बोलवायला लागले. त्यांच्याकडे बुरशी आलेलं चीज खाऊन आले आणि मला म्हणाले, "मावशी, पायमोज्याचा वास, पण चव राजाची." रविवार आला की या माणसाला कुठेतरी ताट असायचंच. पहिला घास गुरुजींनी घ्यायचा, काय ते सांगायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. ओटीवर जेवणाऱ्या माणसाला बाहेर मानाचं पान मिळत होतं. त्यांना आणखी काही नको होतं.

शाळेतही तसंच. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने खिचडी चाखायची असा नियम आहे. बाकीचे मास्तर लांबून मान हलवतात. गुरुजी चमचा घेऊन चुलीपाशी यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हळद जरा पुढे गेली." मला राग यायचा. पण हळद खरोखर जास्त झालेली असायची.

मग करोनाचा ताप आला. शाळा बंद झाली. गुरुजी त्यांच्या खोलीत पडून होते, मी दाराशी पेज ठेवून यायचे. उठले ते निम्मे होऊन उठले. पुढे शाळा उघडली, चूल पेटली, गुरुजी चमचा घेऊन आले, डोळे मिटले, म्हणाले, "छान." दुसऱ्या दिवशी पण छान. महिनाभर छानच. मला वाटलं, बरं झालं, आजाराने माणूस जरा शहाणा झाला. सकाळी माझ्याकडे येऊन कापलेला कांदा मागून घ्यायचे आणि नाकाशी धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणाले डॉक्टरने सांगितलंय. कधी लिंबू, कधी रॉकेलचा बोळा. त्यांचे चाळे नेहमीचेच म्हणून मी लक्ष दिलं नाही.

कळंबच्या पुढे एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात त्यांचा जुना विद्यार्थी कामाला होता. मुंबईची कुठली पार्टी यायची ती आली नाही, मागवलेला माल राहिला. त्यातला एक ऑक्टोपस त्याने बर्फात घालून गुरुजींना दिला. गुरुजींच्या घरमालकाकडे अंडंसुद्धा चालत नव्हतं, म्हणून ते पिशवी दोन्ही हातांत धरून माझ्या परसात आले.

"मावशी, आला!"

"कोण आला?"

"ऑक्टोपस! वीस वर्षं वाट बघितली."

मी पिशवी उघडली. धुवायला टाकलेल्या ओल्या कपड्यासारखा गोळा होता. पायांना खालून वाटाण्याएवढ्या वाट्या आणि वर डोळे. डोळे आपल्याकडे बघत होते. माझी सून दारात आली, बघितलं आणि म्हणाली, "आई, त्या टोपात परत भात नाय शिजणार हां. आताच सांगून ठेवते."

"नको शिजवू. टोप माझ्या लग्नातला हाय, तुझ्या नाय."

टेंपोतून मासे विकायला येतात त्यांच्याकडून मी कधीमधी माकूल, ती मऊ पायांची मासळी, घेतलेली होती. हा त्यातलाच भाऊबंद असेल असं समजून मी कापायला बसले. आत काय फुटलं देव जाणे, काळपट हिरवं पाणी आलं आणि सगळ्यावर पसरलं. मी दोनदा धुतलं. मग कांदा-मसाला घालून बाहेरच्या चुलीवर शिजत ठेवलं. भाजी शिजते तशी मऊ होईना, उलट आकसत गेलं. गुरुजी समोर पाटावर बसून टोपात बघत होते. वर्षभराच्या पोराला जत्रेत नेलं की ते जसं बघतं तसं.

वाढलं. त्यांनी चमच्याने तुकडा घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चावलं. "वा! गोडसर आहे. खेकड्याच्या जवळ जातो, पण खेकडा नाही. मागे जरा नारळासारखं."

मी पण एक तुकडा तोंडात टाकला आणि तिथेच थुंकले. चूळ भरली तरी कडू जाईना.

"गुरुजी, हे कडू हाय."

"हो, थोडी कडवट झाक आहे खरी."

"झाक नाय. इख हाय इख." आणि मी एक तुकडा कुत्र्याकडे टाकला. कुत्र्याने हुंगला आणि निघून गेलं.

गुरुजींचा चमचा थांबला. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खूप कडू आहे का हो, मावशी?"

तेव्हा मला कळलं. ते म्हणाले, तापापासून काही लागत नाही. वास नाही, चव नाही. भात खाल्ला काय, कागद खाल्ला काय.

"मंग एवढा येळ ते गोडसर, खेकडा, नारळ, ते काय होतं?"

"आठवून बोलतो," ते म्हणाले. "ज्याची जी चव होती ती आठवतो आणि सांगतो. कुणाला कळत नाही."

"पण हा तर तुमी कधी खाल्लाच नवता."

"म्हणून तर चुकलो."

मी टोप उकिरड्यावर ओतला. गुरुजी म्हणाले, "कुणाला सांगू नका."

"का बरं? आजार हाय. लोकांना होतात आजार."

"मग कोण कशाला बोलावील मला?" ते म्हणाले. "रविवारी मी जायचं कुठे?"

मी सांगितलं नाही. पण खिचडी त्या दिवसापासून मी स्वतः चाखायला लागले. गुरुजी देखाव्यापुरता चमचा टोपात घालायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली की म्हणायचे, "छान." पोरांचं काही अडलं नाही. त्यांच्या रविवारचं मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी दोनदा म्हटलं, "गुरुजी, हे बरं नाय." त्यांनी दोनदा ऐकलं नाही.

नोकरी संपल्यावर ते खालापूरला भाच्याकडे राहिले. मी एकदा जाऊन आले. घड्याळात बघून जेवत होते, भूक लागली म्हणून नाही. मला म्हणाले, "काल घरी काय केलं होतंत?" मी म्हटलं, "वालाचं बिरडं." म्हणाले, "नीट सांगा. खोबरं किती होतं? वाल पिठूळ होते की टणक?" मी सांगत गेले. भाच्याची बायको दारातून बघत होती, म्हातारा आणि म्हातारी वेडे झाले आहेत असं. पण हे नंतरचं. मधे जे झालं ते सांगायला पाहिजे, कारण बाजारात ते कुणी सांगत नाही.

आमच्या वरच्या एका वाडीत जानी म्हणून मुलगी दिली होती. गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिची लेक पहिलीत होती. जानीला खाली बंगल्यावर झाडलोटीचं काम मिळत होतं आणि सासऱ्याला ते नको होतं. त्यावरून त्या घरात रोज वाजायचं. ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर वाडीत कडूकंद काढतात. डोंगरातला कंद, नावाप्रमाणे कडू, आणि तसाच खाल्ला तर विषारी. त्याची पातळ चकती करायची, राख घालून उकडायची, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायची, परत उकडायची. मग एक फोड चाखायची. कडू लागली तर परत ओढ्यात. कडू लागली नाही तर ताटात. घरात पाहुणा असला तर ती पहिली फोड पाहुण्याला. त्या रविवारी पाहुणे गुरुजी होते.

कंद जानीने धुतला होता. ओढ्याचं पाणी त्या वर्षी लवकर आटलं होतं, टोपलीतून नीट वाहिलं नसणार. तिने फोड आणून दिली आणि विचारलं, "कडू हाय का बघा गुरुजी." गुरुजींनी डोळे मिटले. म्हणाले, "गोड झालाय." जानीच्या लेकीने एक फोड उचलून तोंडात घातली आणि थू करून टाकली. "कडू," म्हणाली. गुरुजी तिला म्हणाले, "शाळेत काय शिकवलं? नाक मुरडायचं नाही." सगळे हसले. लहान पोराचं कोण ऐकतं?

जानीचा नवरा कामावर होता, म्हणून गुरुजी आणि सासरा दोघेच जेवायला बसले. आमच्याकडे पाहुणा ताटावर असताना घरधन्याने हात धुवायचा नसतो. गुरुजींनी मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्लं, कारण चांगला झालाय म्हटल्यावर परत घ्यायला हवं. म्हातारा पण खात राहिला. त्याला कडू लागला असणार. पण एवढा जिभेचा माणूस गोड म्हणतोय, आणि खातोय, मग आपलंच तोंड खराब असेल. दिवसभर तंबाखू चघळणारं तोंड. गुरुजी जेवून खाली उतरले. बायका ताटावर बसायच्या आधीच म्हातारा ओकायला लागला. सासूने घाबरून टोप ओढ्यात ओतला. म्हाताऱ्याला झोळीतून खाली आणलं, दवाखान्यात नेलं. तिथे तो गेला. डॉक्टर म्हणाला, कंदाचं विष.

गुरुजी पण आपल्या खोलीत दोन दिवस ओकत होते. कुणाला सांगितलं नाही. शाळेत आले ते पिवळे पडून. तोवर कशेळ्याच्या जीपमध्ये बसणाऱ्या वाडीच्या लोकांकडून मला सगळं कळलं होतं. वाडीत चर्चा अशी होती की गुरुजींना दिला तो कंद गोड होता, ते त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. म्हाताऱ्याच्या ताटात सुनेने न धुतलेला वाढला. भांडण होतंच. जानीला घराबाहेर काढलं होतं आणि लेक सासूने ठेवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी वाडीची बैठक होती, तिला कायमची माहेरी पाठवायला.

खिचडी झाल्यावर गुरुजी लाकडांच्या ढिगावर येऊन बसले. "मावशी, कंद कडू होता असणार."

"असणार म्हंजे? खाल्लात ना तुमी?"

"दोनदा घेतला." मग म्हणाले, "तो माझ्याकडे बघून खात होता."

ते चमच्याशी चाळा करत होते. म्हणाले, "सांगितलं तर नोकरीचं काय होईल ते होऊ दे. थोडीच राहिलीय. पण मावशी, एकदा सांगितलं की..."

"म्हातारा मेला गुरुजी," मी म्हटलं. "पोरीची लेक काढून घेतात तिची. आन तुमी आपल्या रविवारचं काय घेऊन बसलाव? उद्या सकाळी वर जायचं. मी येते."

मी गेले ते त्यांच्यावर दया आली म्हणून नाही. एकटे गेले असते तर अर्ध्या वाटेतून परतले असते.

वाडीच्या अंगणात माणसं जमली होती. कारभारी म्हणून जो जाणता म्हातारा होता तो मधे बसला होता. सासू ओटीवर, नात मांडीवर. जानी कुंपणाबाहेर गाठोड्यावर बसली होती, तिला आत यायची बंदी होती. तिचा नवरा खाली मान घालून बिडी ओढत होता. तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

गुरुजी उभे राहिले. शाळेत उभे राहतात तसे. म्हणाले, "जानीचा दोष नाही. ताटात एकच कंद होता. मला चव कळत नाही. तापापासून माझी जीभ गेलेली आहे. मी गोड म्हणालो ते खोटं होतं."

कारभारी म्हणाला, "गुरुजी, तुमचं मन लय मोठं हाय."

"मन नाही. जीभ. जीभ गेलीय."

"तुमच्या शाळंतली पोर हाय ती. तिला वाचवाया आलाव तुमी. आमाला काय कळत नाय व्हय?"

"अहो, मी स्वतः दोन दिवस ओकलो."

"तुमी?" मागून कुणीतरी म्हणालं. "तुमी उंदीर पचवला, मुंग्या पचवल्या, तुमाला काय व्हतंय!" लोक हसले. मयत झालेल्या घरी हसायचं नसतं म्हणून लगेच गप्प झाले.

मी म्हटलं, "खरं बोलतायत ते. मी बघितलंय."

सासू म्हणाली, "तू खालची. तू मधी पडू नको."

मग गुरुजींनी विचारलं, "कुणाच्या घरी किराईत आहे?" तापावर द्यायचं किराईत घरोघर असतं. त्याच्याइतकं कडू दुसरं काही नाही, मोठा माणूस एक घोट घेऊन अंग झाडतो. वाडगाभर काढा आणला. गुरुजींनी सगळ्यांसमोर तो पाण्यासारखा प्यायला, तोंड जरासुद्धा हललं नाही. वाडगा उलटा करून दाखवला.

"बघा!" कारभारी म्हणाला. "असा मानूस सगळ्या तालुक्यात नाय." एक बाई आपल्या पोराला म्हणाली, "बघ रं, गुरुजी कसं पितात. नायतर तू."

आयुष्यभर ज्या माणसाने काहीही खाताना तोंड वाकडं केलं नाही, त्याने आता काय करून दाखवायचं? गुरुजी पायरीवर बसले. त्यांच्यापाशी आणखी काही नव्हतं. कुंपणाबाहेर जानीने गाठोड्याची गाठ सोडून परत बांधली.

सासू मात्र सगळा वेळ गुरुजींकडे बघत होती. ती उठली, नातीला खाली ठेवलं. "उन्हातून आलाव. घोटभर चहा घ्या," म्हणाली आणि आत गेली. मला राग आला. एवढं चाललंय आणि हिला पाहुणचार सुचतोय. थोड्या वेळाने कोरा चहा घेऊन आली, एक कप गुरुजींना आणि एक मला. गुरुजी थकले होते. फुंकर मारून प्यायला लागले. सासू त्यांच्यासमोर उभीच.

"कसा झालाय, गुरुजी?"

"छान झालाय, आजी," गुरुजी म्हणाले. "गोड झालाय."

घटकाभरापूर्वी हाच माणूस सगळ्यांसमोर सांगत होता की मला काही लागत नाही. पण कुणी खायला-प्यायला दिलं आणि कसं झालंय विचारलं, की त्यांच्या तोंडून तेच यायचं. त्यांच्या हातचं ते राहिलं नव्हतं.

सासूने त्यांच्या हातातून कप काढून घेतला, त्यात निम्मा चहा होता. तो कारभाऱ्यापुढे धरला. "घे. पी."

कारभाऱ्याने घोट घेतला आणि बाजूला पचकन थुंकला. "अगं, मीठ!"

"मूठभर घातलंय," सासू म्हणाली.

कुणी हसलं नाही. एकेकाने गुरुजींकडे बघितलं, मग खाली बघितलं. गुरुजींचे हात अजून कप धरल्यासारखे वर होते.

सासू कुंपणाकडे वळली. "जाने, आत ये गं. पोर भुकेजलीय."

जानी लगेच उठली नाही. मग उठली, गाठोडं तिथेच टाकलं, अंगणातून सरळ आत गेली. वाटेत गुरुजी बसले होते, त्यांच्याकडे बघितलं नाही. बघावं असं मला वाटलंही नाही. तिने का बघावं?

सासू परत गुरुजींसमोर आली. तिचा आवाज चढला नाही. "आमच्या म्हाताऱ्याचा तुमच्यावर लय जीव. गुरुजी खातात म्हून तो खात ऱ्हायला." मग म्हणाली, "आता या वाडीत जेवाया येऊ नका."

गुरुजींनी मान हलवली. आम्ही निघालो.

उतरणीला ते माझ्या पुढे चालत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्या चहात पण मीठ होतं?"

"नाय. माझा गोड होता."

"गोड म्हणजे कसा? भरपूर?"

"गुरुजी, खाली बघून चाला. दगड हायत."

खाली उतरलो तेव्हा कशेळ्याला जाणारी जीप अजून लागायची होती. नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने भज्यांचा पहिला घाणा काढला होता. त्याने गुरुजींना लांबून बघितलं आणि हाक मारली, "या गुरुजी! गरम हायत. चव बघून सांगा, पीठ बदललंय आज." कागदावर भजी घालून पुढे केली. बाकावर बसलेली माणसं गुरुजी आता काय म्हणतात ते ऐकायला वळली.

गुरुजींनी कागद घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला चव कळत नाही. मला विचारू नका."

हॉटेलवाला हसला. "काय गुरुजी, गरिबाची चेष्टा करता!"

"चेष्टा नाही," गुरुजी म्हणाले. "यांना द्या. या सांगतील."

त्याने कागद माझ्याकडे केला. मला भूक लागली होती, सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. मी एक भजं घेतलं. सोडा जास्त झाला होता आणि आत कच्चं राहिलं होतं, तसं त्याला सांगितलं. दुसरं घेतलं. मी चावत होते तेवढा वेळ गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.